नानाभाई मूस

होकायंत्राची सुई नेहमी उत्तर-दक्षिण का राहते? पृथ्वी हेच एक मोठे चुंबक आहे, म्हणून. पण हे चुंबकत्व एकसारखे नसते. ते रोज थोडे थोडे बदलते. या बदलांची नोंद ठेवण्यासाठी नानाभाई मूस यांनी आपले आयुष्य वेचले.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. १८९६ साली ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय होते. या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या.

लवकरच एक संकट उभे राहिले. मुंबईत विजेची ट्राम सुरू होणार होती. तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय शक्ती निर्माण होते. याच नियमाने आज प्रयोगशाळांत अतिशय जोरदार चुंबके बनवतात. तेथे नुसत्या तांब्याची तार स्वतःच्याच चुंबकीय जोरापुढे टिकत नाही. म्हणून तांब्यात चांदीचे किंवा नायोबियमचे बारीक तंतू घालून तार बळकट करतात. जी शक्ती तेथे हवी असते, तीच नानाभाईंच्या नाजूक सुयांना घातक होती. लोकांना ट्राम हवी होती. पण सुया हलल्या असत्या, तर साठ वर्षांची नोंदींची परंपरा तुटली असती.

नानाभाईंनी ट्रामशी भांडण मांडले नाही. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागला त्यांनी नवी वेधशाळा उभारली. कोकणातल्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी नीट जोडता आले. मग १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली.

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचा अभ्यास करून नानाभाईंनी १९१० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

अलिबागची वेधशाळा आजही काम करते. ती चालवणाऱ्या भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आपल्या नवीन पनवेलमध्येच आहे. मुंबईला ट्राम मिळाली आणि जगाला अखंड नोंदीही मिळाल्या. वेळेवर केलेल्या विचाराचे हे फळ होय.