मेल्विन केल्विन : पानातल्या कर्बाचा माग काढणारा शास्त्रज्ञ

शाळा-कॉलेजात ‘केल्विन चक्र’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते मेल्विन केल्विन १९११ मध्ये अमेरिकेतील सेंट पॉल येथे जन्मले. आई-वडील रशियन साम्राज्यातून आलेले, वडिलांचे छोटे किराणा दुकान. रसायनशास्त्र शिकून १९३७ मध्ये ते बर्कले विद्यापीठात रुजू झाले.

पान हवेतील कर्बवायू घेते हे तेव्हा माहीत होते, पण त्याची साखर कशी बनते हे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर केल्विन आणि अँड्र्यू बेन्सन, जेम्स बॅशम या सहकाऱ्यांनी क्लोरेला शेवाळाला किरणोत्सारी कर्ब-१४ असलेला वायू दिला. काही सेकंदांतच शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये सोडून क्रिया थांबवली आणि कर्ब कोणत्या पदार्थात गेला हे तपासले. तीन कर्बाचे एक आम्ल सर्वांत आधी सापडले.

मग कर्बवायू पकडणारा पदार्थ कोणता? प्रकाश चालू ठेवून त्यांनी कर्बवायू एकदम कमी केला. ते आम्ल घटले आणि पाच कर्बाची एक साखर साचू लागली. म्हणजे कर्बवायू पकडणारी हीच साखर होती. वायूच नसेल, तर भरपूर उजेडातही पुढचे काम अडते.

१९६१ चे नोबेल एकट्या केल्विन यांना मिळाले. बेन्सन यांचा वाटा मोठा असूनही ते मागे राहिले. आज अनेक पुस्तकांत ‘केल्विन-बेन्सन चक्र’ असे लिहितात. केल्विन १९९७ मध्ये वारले.

तुमच्या शेतात याचा उपयोग काय?

• हवेत कर्बवायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. बंद पॉलिहाऊसमध्ये ऊन चढताच पीक तो वापरून टाकते आणि पातळी बाहेरच्यापेक्षा खाली जाते. म्हणून सकाळी बाजूचे पडदे वेळेवर उघडा.
• पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रे मिटतात आणि पानात कर्बवायू कमी पडतो. सोयाबीन, कापूस, गहू, भात यांना याचा फटका जास्त बसतो. ऊस, ज्वारी, मका कर्बवायू आधी साठवून मग या चक्राला देतात, म्हणून कमी वायूतही तग धरतात.
• पाणी, अन्नद्रव्ये किंवा उजेड कमी असेल, तर नुसता कर्बवायू वाढवून उत्पादन वाढत नाही.