महात्मा जोतीराव फुले आणि निकालावरचे अनुदान

परीक्षेत जे विचारले जाईल तेवढेच शिकवावे, ही वृत्ती आजची नव्हे. आम्हां धार-देवासकरांचा मुलूख पवारांच्या संस्थानांत मोडत होता, त्या काळी शेजारच्या मुंबई इलाख्यात महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला होता.

जोतीरावांचा जन्म 1827 साली झाला. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकून 1848 मध्ये त्यांनी तेथेच मुलींची शाळा काढली; पत्नी सावित्रीबाई तीत शिकवीत. 1852 साली या मुलींची जाहीर परीक्षा झाली व मुलीही विद्या संपादन करू शकतात हे लोकांनी पाहिले. परीक्षेशी जोतीरावांचे वैर नव्हते.

परंतु 1862 साली इंग्लंडात निराळीच पद्धत आली. निरीक्षकाने वाचन, लेखन व गणित यांत मुलांना तपासावे आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरावे. साहजिकच पुष्कळ शिक्षक तेवढ्याच विषयांची घोकंपट्टी करून घेऊ लागले. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान मिळू लागले.

1882 साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या पद्धतीस विरोध केला. गोरगरिबांत अद्याप शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही. तेव्हा निकालाच्या भरवशावर त्यांच्यासाठी शाळा काढून कोणत्या शिक्षकाचा चरितार्थ चालणार, असा त्यांचा रोख होता. शिकवण्याची तयारी केलेल्या शिक्षकास निदान 12 रुपये वेतन असावे; मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबर शेती, नीती आणि आरोग्य यांचेही ज्ञान मुलांस मिळावे; बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, असे त्यांनी सुचविले.

सरकारने त्यांचे तेव्हा ऐकले नाही. 1890 साली जोतीराव निवर्तले. पुढे 1904 च्या शैक्षणिक ठरावात सरकारने स्वतःच निकालावरच्या अनुदानाची पद्धत त्याज्य ठरविली.

विद्यार्थी मित्रहो, गुणपत्रिका हाती आली की आपण प्रथम आकडे पाहतो. ते अवश्य पाहावेत. परंतु ज्याला वर्गात सर्वांत अधिक साहाय्य हवे, तोच मुलगा शाळेला ओझे वाटू लागेल, अशी परीक्षा जोतीरावांना मान्य नव्हती, आणि आम्हांसही ती मान्य असू नये.