एला शेपर्ड व तिचे गाणारे सोबती

गाणें ही केवळ करमणुकीची वस्तु आहे, आणि गाण्याकरितां विद्यार्थ्यांनीं गांवोगांव हिंडणें म्हणजे अभ्यासाचा नाश होय, असें म्हणणारे वडीलधारे आजहि पुष्कळ आढळतात. त्यांच्या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु अमेरिकेंतील एका मिशन शाळेचे विद्यार्थी गात गात देशोदेशीं फिरले व त्यायोगें त्यांची बुडती शाळा तरली, हें इतिहासांत नमूद आहे. त्या मंडळींत एला शेपर्ड ही प्रमुख होती. तिचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें मनन करण्यासारखें आहे.

एलाचा जन्म ता. ४ फेब्रुवारी १८५१ रोजीं टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं झाला. तिची आई गुलाम होती. मालकीण या चिमुकल्या मुलीकडून आईच्या चहाड्या काढून घेऊं पाहते, हें कळतांच त्या माउलीचें काळीज फाटलें, व मुलीला उराशीं धरून ती नदीकडे जीव देण्यास निघाली. वाटेंत एका वृद्ध दासीनें तिला अडविलें, आणि प्रभूला या लेंकराकडून मोठें कार्य करून घ्यावयाचें आहे, असा धीर देऊन परत फिरविलें. पुढें बापानें ३५० डॉलर मोजून मुलीला सोडविलें. आई मात्र दास्यांतच राहिली, आणि मायलेकींची ताटातूट झाली.

बापानें सिनसिनाटी येथें बिऱ्हाड केलें. तेथें एलाला पियानो शिकावयास मिळाला. पण १८६६ सालीं पटकीच्या सांथींत बाप वारला व पोरीवर दारिद्र्य ओढवलें. तरी तिनें संगीत सोडलें नाहीं. एका गोऱ्या बाईंनीं तिला गायन शिकविण्याचें कबूल केलें, पण गुरूचें नांव कोणास कळूं द्यावयाचें नाहीं या अटीवर. रात्रीं नऊ वाजतां मागील दारानें जावयाचें, माडीवरील मागच्या खोलींत बसावयाचें, असे बारा धडे तिनें घेतले. नंतर गॅलाटिन गांवीं शिक्षिकेचें काम करून सांठविलेले अवघे सहा डॉलर घेऊन १८६८ सालीं ती नॅशव्हिलच्या फिस्क शाळेंत दाखल झाली.

ही शाळा गुलामगिरी नष्ट झाल्यावर, १८६६ सालीं, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांकरितां उघडण्यांत आली. वर्ग भरत ते लष्करी इस्पितळाच्या जुन्या लांकडी बराकींत. थोड्याच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढलें, व शाळेला कुलूप लागण्याची वेळ आली. तेव्हां शाळेचे खजिनदार व गायनशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनीं मुलांचें गाणें लोकांस ऐकवून पैसा जमविण्याचें मनांत आणिलें. अनेकांनीं विरोध केला. तरी ता. ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं ते नऊ विद्यार्थी-विद्यार्थिनींस घेऊन निघाले. त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामगिरींत झालेला. मिनी टेट तर अवघी चौदा वर्षांची. वीस वर्षांची एला पियानो वाजवी, सोबत्यांकडून सराव करून घेई व व्हाइट यांच्या गैरहजेरींत सर्व भार संभाळी.

आरंभीं हाल फार झाले. कोठें खाणावळवाले रंग पाहून दार लावून घेत, कोठें वाटखर्चहि सुटत नसे. पण याच दिवसांत शिकागो शहर आगीनें जळाल्याची वार्ता आली, तेव्हां स्वतः कर्जांत असतां या मुलांनीं आपल्या जलशाचें उत्पन्न आपद्ग्रस्तांस देऊन टाकिलें. पुढें व्हाइट यांनीं मंडळीला 'जुबिली सिंगर्स' हें नांव दिलें. पन्नासाव्या वर्षीं दासांस मुक्ति देणाऱ्या, लेवीय पुस्तकांतील योबेल वर्षाची त्यांत आठवण आहे.

पहिल्यानें हे विद्यार्थी गोऱ्या लोकांच्या पसंतीचीं गाणीं गात. आपल्या आईबापांनीं दास्यांत गाइलेलीं भक्तिगीतें परक्यांपुढें म्हणण्यास त्यांस संकोच वाटे. तीं त्यांस फार पवित्र होतीं. परंतु नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें धर्मोपदेशकांच्या सभेंत त्यांनीं तीं म्हटलीं, आणि श्रोते तटस्थ झाले. तेथून दैव फिरलें. १८७२ सालीं अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढें त्यांचें गाणें झालें. पहिल्याच प्रवासांत वीस हजार डॉलर जमले. १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीनें त्यांस ऐकिलें. त्यांच्या कमाईंतून उठलेल्या 'जुबिली हॉल' या भव्य इमारतीचा समर्पणविधि ता. १ जानेवारी १८७६ रोजीं झाला.

पैशाहूनहि मोठा लाभ निराळाच होता. रोज नव्या श्रोत्यांपुढें उभें राहिल्यानें अनेक कंठ एका श्वासानें गाऊं लागले. हळुवार स्वरहि मोठ्या दिवाणखान्याच्या टोंकापर्यंत पोहोंचविण्याची हातोटी त्यांस साधली. जीं गीतें केवळ मुखोद्गत होतीं, तीं एलानें स्वरलेखनांत उतरवून ठेविलीं. आणि ज्यांनीं कृष्णवर्णीयांस फक्त विदूषकी सोंगांत पाहिलें होतें, त्यांनीं त्यांची खरी योग्यता ओळखिली. मात्र या लाभाची किंमतहि पडली. कित्येकांची प्रकृति ढांसळली, पुष्कळांचा अभ्यास अर्धवट राहिला, व थकलेली मंडळी १८७८ सालीं विसर्जन पावली.

१८८२ सालीं एलानें रेव्हरंड जॉर्ज मूर यांच्याशीं विवाह केला. ताटातूट झालेल्या आईला तिनें आपल्या घरीं आणून संभाळिलें, व फिस्कच्या नव्या गायकांस शिकविण्यांत आपलें ज्ञान वेंचिलें. ता. ९ जून १९१४ रोजीं ती प्रभूच्या घरीं गेली. तिच्या एका जुन्या सोबत्यानें, फ्रेडरिक लाउडिन यानें, नवी मंडळी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां तीं भक्तिगीतें आपल्या हिंदुस्थानांत, ताजमहालाच्या घुमटाखालींहि घुमलीं. ६ ऑक्टोबर हा दिवस फिस्क येथें अद्यापि पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, गाण्यासाठीं केलेला प्रवास हितकर कीं अहितकर, याचें उत्तर प्रवासांत नसून प्रवाशाच्या हेतूंत आहे. टाळ्यांसाठीं निघालेल्यास टाळ्याच मिळतील, आणि त्या दाराबाहेर पडतांच विरतील. आपल्यामागून येणाऱ्या मुलांस बसावयास छप्पर असावें म्हणून एला निघाली. तें छप्पर आजहि उभें आहे.