पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि मराठी बायबलच्या भाषांतरकार होत्या. मुंबई येथे त्यांनी शारदा सदन आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन या संस्था स्थापन केल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या घटनेने तत्कालीन महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. तथापि त्यांच्या आयुष्यातील खरा संघर्ष धर्मांतराच्या दिवशी घडला नाही. स्वीकारलेली श्रद्धा मनात ठेवावी की सर्वांच्या डोळ्यांसमोर आचरणात आणावी, या प्रश्नावरून तो दहा वर्षांनी पुण्यात उभा राहिला.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यप्रदेशात, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा संकेत त्यांना मान्य नव्हता. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करून रानात आश्रम थाटला. रमाबाईंना संस्कृतचे पहिले पाठ आईकडूनच मिळाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा अनुभव कटू ठरल्याने अनंतशास्त्रींनी रमाबाईंचे लग्न लहानपणी लावले नाही. त्या काळी ही गोष्ट अतिशय दुर्मीळ होती.

पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडू लागले. त्यातच मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. दानधर्म व व्रतवैकल्यांत होती नव्हती ती पुंजी संपली आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. उरलेला भार रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी वाहिला. उंची कमी असल्याने रमाबाईंनी आपल्या वाट्याचे टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतले होते. केडगावच्या दुष्काळकार्यामागे केवळ ख्रिस्ती शिकवण नव्हती, भुकेची ही जुनी ओळखही होती, हे विसरता येत नाही.

भावंडे पायी भारतभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांच्या अध्ययनास प्रवृत्त केले. १८८० मध्ये श्रीनिवासांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसाममधील सिलचर येथे राहत असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. येशूच्या चरित्राशी त्यांचा परिचय झाला तो असा. कन्या मनोरमा हिच्या जन्मानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, मेधावी पटकीने वारले.

पुणे आणि इंग्लंड

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या वर्तुळात त्यांचे स्वागत झाले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री डॉक्टर असावेत अशी मागणी केली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांनी मुक्काम केला. श्रवणशक्ती मंदावत गेल्याने डॉक्टर होण्याचा बेत मात्र सोडावा लागला.

रमाबाईंच्या धर्मांतराचे कारण शोधताना बहुधा नेहेम्या गोरे यांच्याशी झालेल्या तत्त्वचर्चेकडे बोट दाखविले जाते. पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे हे स्वतः वेदान्ताचे पंडित होते आणि त्यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव पडला, यात शंका नाही. पण खुद्द रमाबाईंनी अधिक महत्त्व दिले ते लंडनमधील फुलहॅम येथील एका भेटीला. वाँटेजच्या भगिनी तेथे समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत असत. ज्यांना धर्मशास्त्र कठोर दंड सांगते आणि प्रतिष्ठित समाज ज्यांची सावलीही टाळतो, अशा स्त्रियांना या भगिनी प्रेमाने सांभाळत होत्या. हे कशामुळे शक्य होते असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. ग्रंथात वाचलेली करुणा आणि समोर चाललेले काम यांचा मेळ त्यांना येथे प्रथमच दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी थोडेच दिवस, त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. रमाबाईंचा निर्णय शांत मनःस्थितीत झाला असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे. तो अंधानुकरणाचा मात्र नक्कीच नव्हता. पुढील अडीच वर्षांत चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत असताना त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि चर्चचा अधिकार यांवर दीर्घ पत्रवाद घातला. त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात अशी प्राचार्या डोरोथिया बील यांची कल्पना होती. बिशपांनी तिला हरकत घेतली, तेव्हा आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्याचा ताबा चालणार नाही, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, हे त्या जगण्यातूनच सांगत होत्या.

महाराष्ट्रात या धर्मांतरावर कडाडून टीका झाली. अपवाद होता महात्मा जोतीराव फुले यांचा. १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

अमेरिका

१८८६ मध्ये नातलग डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चांगलेच खपले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेचा खर्च १० वर्षे उचलण्याचे तिने मान्य केले. तेथील शाळेत धर्मप्रचार होणार नाही, अशी अट त्यात होती. या प्रवासावरील त्यांचे मराठी पुस्तक ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये निघाले.

शारदा सदन आणि उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले गेले. सदनात सोवळे-ओवळे पाळण्याची सोय होती आणि मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे राहण्याची मोकळीक होती. रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर सल्लागार मंडळात होते. सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात मोठा बदल घडत होता. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही, याची जाणीव त्यांना झाली. विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र वाचताना ही जाणीव तीव्र झाली. आतापर्यंत त्यांनी बुद्धीने पटलेला धर्म पाळला होता. यापुढे तारण ही त्यांच्यासाठी स्वतः अनुभवलेली गोष्ट बनली. सदनातील वाद नेमका या अनुभवानंतर पेटावा, हा योगायोग मानता येत नाही.

रमाबाई मुलीसह रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. कुणाला बोलावणे नसे, पण येणाऱ्याला मज्जावही नसे. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने सदनावर धर्मांतराचा आरोप ठेवून झोड उठविली. सल्लागारांनी रमाबाईंनी प्रार्थना खाजगी ठेवावी, मुलींना तिच्यापासून दूर ठेवावे असे सुचविले. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, हिंदू मुलींना त्यांची पूजाअर्चा उघडपणे करण्याची मुभा असताना आपणच आपली उपासना दार लावून करावी, ही तटस्थता नव्हे. त्यांनी दार बंद केले नाही. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना तथ्य होते. अन्न, निवारा आणि मायेचा एकमेव आधार देणारी व्यक्ती दररोज डोळ्यांसमोर एका श्रद्धेने जगत असेल, तर निराधार बालविधवेवर त्याचा परिणाम होणारच. सुधारकांची शंका त्यामुळे निराधार नव्हती. पण त्यांनी सुचविलेला तोडगा मान्य करणे म्हणजे रमाबाईंच्या लेखी श्रद्धा नाकारण्यासारखेच होते, कारण फुलहॅमला त्यांना पटली होती ती दिसणारी श्रद्धाच. या निर्णयाची किंमत जबर होती. ज्या समाजाच्या मुलींसाठी हे सदन उभे राहिले, त्याच समाजाचा विश्वास त्या गमावून बसल्या.

केडगाव

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, रेल्वेमार्गालगत केडगाव येथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळबागा लावल्या होत्या. बागेच्या उत्पन्नातून सदन स्वावलंबी व्हावे, एवढाच मूळ विचार होता. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यावर या मुलींना तेथेच नेण्यात आले आणि मुक्ती सदन उभे राहिले. मराठी ख्रिस्ती परिभाषेत रूढ असलेल्या ‘तारण’ऐवजी रमाबाईंनी निवडलेला ‘मुक्ती’ हा शब्द लक्षणीय आहे. यशया ग्रंथातील वचनातून तो सुचला असला, तरी कीर्तन-पुराणावर वाढलेल्या कोणाही स्त्रीला तो परका वाटणारा नव्हता.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या सुमारे २,००० वर गेली. एवढ्या माणसांना पोसायचे तर विहिरी खणणे, शेती, दूधदुभते, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना हे सारे आवश्यक होते आणि ते स्त्रियाच चालवीत. पुरुषांची मानली गेलेली कामे बायका करतात, ही गोष्ट त्या भागात नवलाची ठरली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन आणि अंधांसाठी बार्तीमी सदन असे विभाग होते. अंध मुलींना ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकविली. कृपा सदनात फुलहॅमची आठवण सरळ दिसते.

येथे तटस्थतेची अट उरली नव्हती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिचे चर्च आवाराच्या मध्यवर्ती जीवनाचा भाग होते. १९०५ मध्ये तेथे सामुदायिक प्रार्थनेतून मोठी धार्मिक जागृती झाली. रडणे, मोठ्याने प्रार्थना करणे, पापांची जाहीर कबुली हे प्रकार काही मिशनऱ्यांनाही रुचले नाहीत. रमाबाईंनी ही भावना दडपली नाही, पण तिला कामाला लावले. मुलींची पथके आसपासच्या खेड्यांत पाठविली जाऊ लागली.

राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणून रमाबाई त्यांच्या भाट झाल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळले. १९१९ मध्ये याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

बायबलचे भाषांतर आणि अखेरची वर्षे

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रियांना ती समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. वयाच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. संस्कृत श्लोकांवर कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी मिळविलेल्या विदुषीने संस्कृत शब्द कटाक्षाने टाळावेत, यातच त्यांच्या वाचकांचा विचार दिसतो. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी केले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

मनोरमाबाईंनी गुलबर्गा येथे शाळा उभारण्यात आणि मुक्तीच्या कारभारात मोठा वाटा उचलला होता. त्याच संस्थेच्या वारस मानल्या जात. जुलै १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च ५ एप्रिलला, तर चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. केडगावची संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करते.