पंडिता रमाबाई : दृष्टी गेलेल्या वडिलांची लेक

बारामतीहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावातलं. विधवांसाठी त्यांनी केलेलं काम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. आज आपण त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करू.

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बाईने संस्कृत शिकणं पाप मानलं जाई, त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि लोकांचा रोष पत्करला. 23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला, तेव्हाच शास्त्रीबुवांचं वय बरंच झालं होतं. मुलगी आठ वर्षांची झाली तोवर त्यांना शिकवणं झेपेना. मग आईने शिकवायला घेतलं. म्हणजे बघा, पत्नीला दिलेली विद्याच म्हातारपणी त्यांच्या मदतीला आली!

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगायचं. पुढे शास्त्रीबुवांची नजर गेली. आपल्या आजोबांना अंधुक दिसू लागलं, की आपण त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेतो. तेव्हा अशी सोय कुठली? पोथी दिसेना, पण लेकीला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते. पुराणाचं काम थांबलं नाही.

थांबवलं ते दुष्काळाने. होतं नव्हतं ते विकलं गेलं, उपास घडू लागले. 1874 मध्ये शास्त्रीबुवा गेले. शेवटच्या घडीला लेकीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तिला घट्ट जवळ धरलं आणि डोक्यावरून, गालावरून हात फिरवला. पाठोपाठ आई आणि बहीणही गेली.

रमाबाई भावाबरोबर पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे त्यांना स्वतःला ऐकू कमी येऊ लागलं, त्यामुळे इंग्लंडमध्ये डॉक्टरीचं शिक्षण राहून गेलं. 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावचं मुक्ती सदन.

या मुक्ती सदनात अंध मुली आणि बायकाही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या होत्या. त्यांनी ती या अंध मुलींना शिकवली. आजोबांना पाठांतरावर भागवावं लागलं होतं. नातीने शिकवलेल्या मुली मात्र उठावाच्या टिंबांवर बोटं फिरवून स्वतः वाचू लागल्या.

मनोरमाबाई 1921 मध्ये गेल्या, तर रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.