दहा दिवसांचं बाळ आणि आनंदीबाई

मध्यंतरी बोईसरच्या एका चाळीत गेले होते. तिथल्या गरोदर सुनेच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ कावीळ निघाली होती. सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळं काढलेलं. माझं बाळ जगेल ना, एवढंच ती विचारत होती. मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचं. आपला पालघर २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होता, तिथलंच. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत. त्या दुःखातून ही पोर उठली ती डॉक्टर व्हायचं ठरवूनच. लोकांनी नावं ठेवली, पण १८८३ मध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, बाळंतपणावरच प्रबंध लिहिला आणि १८८६ मध्ये एम.डी. झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठलं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

योगायोग बघा, त्याच फिलाडेल्फियात १९६० च्या दशकात डॉ. बारुख ब्लुमबर्ग यांनी या काविळीचा विषाणू शोधला आणि पुढे लस आली.

आईकडून बाळाला ही लागण बहुतेक वेळा बाळंतपणातच होते. जन्मताना लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा राहतो, पुढे लिव्हर खराब होऊ शकतं. म्हणून गरोदरपणात तपासणी हवी. बाळाला पहिली लस २४ तासांच्या आत हवी. आईला लागण असेल तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही, शक्यतो १२ तासांत. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस चुकवायचे नाहीत. घरी बाळंतपण झालं तर हे पहिले तास हातचे जातात, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच. काही आयांना शेवटच्या महिन्यांत गोळ्याही लागतात, ते डॉक्टर ठरवतात. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. आणि एका ताटात जेवल्याने ही कावीळ होत नाही बरं का!

हे सगळं मी त्या सासूबाईंना सांगितलं, आनंदीबाईंच्या बाळासकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या आणि वेगळं काढलेलं ताट पुन्हा मांडणीत ठेवून आल्या.