जंगलाला कायदा देणारा मुंबईकर

‘जंगलचा कायदा’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्रास केला जातो. जेथे बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो आणि पोलीस-कचेरीला कोणी विचारत नाही, अशा मुलखाचे वर्णन या दोन शब्दांत उरकले जाते. ज्या लेखकाने हा शब्दप्रयोग जगभर लोकप्रिय केला, त्याला मात्र नेमका उलटा अर्थ अभिप्रेत होता. रुड्यार्ड किपलिंग यांच्या जंगलात कायदा आहे, तो काटेकोर आहे आणि लांडग्यांपासून हत्तीपर्यंत सारे त्याला बांधलेले आहेत. तो न पाळणारे तेथे फार थोडे. त्यांत माकडे येतात, एक लंगडा वाघ येतो आणि गावातली माणसे येतात.

हा कायदा लिहिणारा लेखक जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५ रोजी सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात किपलिंग यांचा जन्म झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी शिल्पकलेचे अध्यापक म्हणून मुंबईत आले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी भागावरील शेतकरी-व्यापाऱ्यांची उठावशिल्पे त्यांच्याच कल्पनेतली. मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या हजारो मुंबईकरांच्या डोक्यावर ती आजही आहेत. मान वर करून पाहणारे थोडे. इंग्लंडमधील ज्या रुड्यार्ड तलावाकाठी आई-वडिलांची मने जुळली, त्याचे नाव मुलाला देण्यात आले.

मुलाला सांभाळायला रोमन कॅथलिक आया होती आणि मीता नावाचा हिंदू नोकर होता. आया रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करी, मीता लहानसहान देवळांत घेऊन जाई. दुपारी झोपण्यापूर्वी दोघे गोष्टी सांगत. संध्याकाळी कपडे बदलून मुलांना आई-वडिलांसमोर पाठवताना आता इंग्रजीत बोला, अशी ताकीद दिली जाई. छोटा रुड्यार्ड विचार करी तो नोकरांच्या भाषेत आणि इंग्रजी बोलताना त्याचे अडखळत भाषांतर करी. घराजवळ पारशी समाजाचे दोखमे होते, आकाशात गिधाडे घिरट्या घालीत. एकदा बागेत लहान मुलाचा हात पडलेला सापडला. आईने त्याबद्दल काही विचारायचे नाही असे बजावले. खुलासा केला तो आयाने. जनावरे आणि मृत्यू यांच्याकडे इतक्या शांतपणे पाहणारी नजर पुढे त्यांच्या कथांत दिसते, तिचे मूळ मलबार हिलच्या परिसरातच शोधावे लागेल.

१८७१ मध्ये हे सारे अचानक संपले. अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे सहा वर्षांचाही न झालेला रुड्यार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडमधील साउथसी येथे एका होलोवे कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवण्यात आले. आई-वडील मुलांचा निरोपही न घेता भारतात परतले. त्या घरातील बाईने मुलाचा जो छळ मांडला तो जवळजवळ सहा वर्षे चालला. मारहाण, कोंडून ठेवणे, लबाड ठरवून अपमान करणे हे नित्याचे झाले. दृष्टी अधू होत गेली, तरी कोणाच्या लक्षात आले नाही. १८७७ मध्ये आई परत आली तेव्हा सुटका झाली. लांडग्यांच्या कळपाने माणसाचे पोर आपले म्हणून वाढवल्याची कथा ज्याने लिहिली, त्याला माणसांनी कसे वाढवले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

डेव्हनमधील युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात शिक्षण आटोपून १८८२ मध्ये सोळा वर्षांचे किपलिंग पुन्हा मुंबई बंदरात उतरले. तोंडून आपोआप इथल्या बोलीतील वाक्ये बाहेर पडू लागली. त्यांतल्या कित्येकांचा अर्थ त्यांना स्वतःलाच सांगता येईना. वडील तोवर लाहोरच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. तेथील ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये आणि पुढे अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये मिळून किपलिंग यांनी जवळपास सात वर्षे बातमीदारी केली. १८८५ च्या रावळपिंडी दरबाराचे वृत्तांत त्यांनी लिहिले. १८८८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची त्यांनी यथेच्छ टर उडवली. शिकल्या-सवरल्या, हक्क मागणाऱ्या भारतीयांविषयी त्यांना कधीच ममत्व वाटले नाही. फौजेतला शिपाई, रानातला रखवालदार, पूल बांधणारा इंजिनिअर ही त्यांची माणसे होती. १८८९ मध्ये त्यांनी भारत सोडला तो जवळपास कायमचाच. १८९१ अखेरच्या धावत्या भेटीनंतर ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत.

गंमत अशी, की मोगलीचे जंगल लिहिले गेले ते अमेरिकेतल्या बर्फात. १८९२ मध्ये कॅरोलिन बॅलेस्टियर यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य व्हर्मांट राज्यात ब्रॅटलबरोजवळच्या एका लहानशा घरात राहू लागले. खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ साचलेले, आणि टेबलावर सिवनीचे जंगल व वैनगंगेचे पाणी! सिवनी परिसर किपलिंग यांनी पाहिला नव्हता, असेच अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल यांचे सातपुड्यातील भटकंतीचे १८७७ चे पुस्तक आणि वडिलांनी भारतातील माणूस व जनावरे यांच्या नात्यावर १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ यांवर त्यांची भिस्त होती. त्याच वैनगंगेच्या काठी पुढे गोंदिया-भंडाऱ्याची भातशेती आहे, आणि त्याच रानाचा पेंच भाग नागपूर जिल्ह्यात उतरतो. विदर्भातील वाचकाला हे जंगल परके वाटू नये. एका कथेत मात्र सिवनीवर चालून येणारे कोळसुंद्यांचे, म्हणजे रानकुत्र्यांचे, संहारक टोळके दख्खनहून आलेले दाखवले आहे. मराठी वाचकाने ते फार मनाला लावून घेऊ नये.

‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आले, दुसरा भाग १८९५ मध्ये. बोलणाऱ्या प्राण्यांच्या कथा भारताला नव्या नव्हत्या. पंचतंत्रातील कोल्हे, सिंह, कावळे तर अमरशक्ती राजाच्या मठ्ठ पुत्रांना शहाणे करण्यासाठीच बोलतात. पण तेथे शिकवली जाते ती व्यवहारनीती. कोणावर विश्वास ठेवावा, शत्रूला कसे फोडावे, जीव कसा वाचवावा, हा तिचा विषय. किपलिंग यांच्या प्राण्यांना हुशारीचे फारसे कौतुक नाही. त्यांना पडलेला प्रश्न वेगळा आहे. कळपात राहायचे तर कोणाचे ऐकायचे आणि का?

कळपात नव्या पिलाला घ्यायचे तर आई-बाप सोडून आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, असा नियम आहे. मोगलीसाठी अस्वल बल्लू बोलतो. काळा बिबट्या बगीरा कळपाचा नसल्याने एक बैल मोजून बोलण्याचा हक्क मिळवतो. म्हाताऱ्या अकेलाची झेप चुकली की त्याचे नायकपद जाते. दुष्काळात नदी आटली की हत्ती पाण्याचा तह जाहीर करतो, आणि मग पाणवठ्यावर वाघ व हरीण शेजारी उभे राहतात. सर्वांत बोलका नियम माणसाला न मारण्याविषयीचा आहे. माणूस हा सर्वांत दुबळा प्राणी, त्याला मारणे कमीपणाचे, असे कारण जनावरे आपापसांत सांगतात. खरे कारण लेखक सांगून टाकतो. माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदूकवाले गोरे येतात, मागोमाग हाकारे येतात आणि त्याची झळ सगळ्या जंगलाला बसते. कायद्याला नैतिकतेचा मुलामा असतो आणि त्याच्या बुडाशी धाक असतो, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या सहजपणे सांगणारा लेखक भोळा साम्राज्यवादी खचितच नव्हता.

माकडांची गोष्ट याच्या उलट. त्यांना नायक नाही, कायदा नाही, स्वतःची भाषाही नाही. मोठमोठे बेत आखायचे, आपणच थोर असल्याची ग्वाही एकमेकांना द्यायची आणि फांदीवरून फळ पडले की सारे विसरायचे. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटाने त्यांना राजा दिला आणि मूळ कथेतला सारा डंखच काढून टाकला. मोगलीचा मित्र असलेल्या अजगराला खलनायक केले, तेही त्याच चित्रपटाने. भारतात मोगली घरोघरी पोचला तो १९९३ मध्ये दूरदर्शनने दाखवलेल्या जपानी मालिकेतून. तिच्या हिंदी अवतारात शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा.

या पुस्तकातील एक कथा मालिकांनी-चित्रपटांनी फारशी हाताळली नाही. तिच्यात मोगली नाही. रावळपिंडीच्या छावणीत, पावसाळी रात्री, फौजेतली जनावरे जमतात. तोफांचे भाग वाहणारी खेचरे, रिसाल्याचा घोडा, स्वप्न पाहून बिथरलेला उंट, तोफा ओढणारे बैल आणि हत्ती आपापल्या भीतीविषयी बोलतात. हत्ती तोफेच्या माऱ्यापुढे जात नाही. तोफगोळा फुटल्यावर काय होईल, हे त्याला डोक्यात आधीच दिसते. बैलांना ते दिसत नाही, म्हणून ते पुढे जातात. विचार करू शकतो तोच युद्धाला निकामी ठरतो! कथा येथे थांबली असती तर ती युद्धविरोधी साहित्यात जमा झाली असती. पण शेवटी संचलन होते आणि एक देशी अधिकारी पाहुण्या अफगाण सरदाराला हुकमाची साखळी समजावून सांगतो. जनावर हाकणाऱ्याचे ऐकते, हाकणारा सार्जंटचे, आणि असे करत करत साखळी व्हाइसरॉयपर्यंत व तेथून महाराणीपर्यंत पोचते. आमच्याकडे जो तो आपल्या मर्जीने वागतो, असे पाहुणा म्हणतो. म्हणूनच तुमच्या अमिराला आमच्या व्हाइसरॉयचे हुकूम घ्यायला येथे यावे लागते, असे उत्तर त्याला मिळते. विचार करणाऱ्या हत्तीचे पुढे काय, याला कथेत उत्तर नाही.

ते उत्तर किपलिंग यांना आयुष्याने द्यायला लावले. त्याआधी एक घाव बसला होता. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला पिता व कन्या दोघेही न्यूमोनियाने आजारी पडले. किपलिंग वाचले, सहा वर्षांची लाडकी जोसेफिन ६ मार्च रोजी गेली. तिला सांगितलेल्या गोष्टी १९०२ मध्ये ‘जस्ट सो स्टोरीज’ म्हणून छापल्या गेल्या. १९०७ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेले पहिले साहित्याचे नोबेल त्यांच्या नावावर जमा झाले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. मुलगा जॉन १७ वर्षांचा होता आणि वडिलांसारखीच त्याची दृष्टी अधू होती. सैन्याने त्याला नाकारले. तरुणांनी रणांगणावर गेले पाहिजे, असे देशभर सांगत फिरणाऱ्या बापाला हे खपणे शक्य नव्हते. त्यांनी जुने स्नेही लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉनला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळाले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूस येथे, अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडे उलटत असताना, तो बेपत्ता झाला. किपलिंग पती-पत्नींनी त्याच्या तुकडीतील जखमींना गाठून विचारपूस केली, वर्षानुवर्षे शोध घेतला. वडिलांच्या हयातीत देह सापडला नाही. १९९२ मध्ये एका अनाम थडग्यावर जॉनचे नाव घालण्यात आले. त्याविषयीही नंतर वाद झाला. नियम असा होता, की अधू डोळ्यांचा मुलगा लढाईला जायचा नाही. कायद्याच्या या भाष्यकाराने तो नियम वजन वापरून वाकवला होता.

पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, बेडन-पॉवेल यांनी लहान मुलांसाठी ‘वुल्फ कब्ज’ पथके सुरू केली. पथकाच्या प्रमुखाला अकेला म्हणावे असे ठरले, आणि कळपाचा कायदा जगभरच्या शाळकरी मुलांच्या तोंडी गेला. किपलिंग यांनी त्याला आनंदाने संमती दिली होती. ते स्वतः १९१७ पासून युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे सदस्य होते. सरदारपुत्र असो वा गवंड्याचा पोर, सर्वांचा दगड सारखाच असावा, या धोरणाच्या बाजूने ते ठामपणे उभे राहिले. श्रीमंत कुटुंबांचा त्याला विरोध होता. ज्यांच्या मुलाला थडगेच नव्हते, त्या बापाने तो मानला नाही. मुलाच्या पलटणीचा दोन खंडांचा इतिहासही त्यांनी लिहून १९२३ मध्ये प्रसिद्ध केला.

एवढ्यावरून माणूस बदलला असे समजणे चुकीचे ठरेल. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरला नोकरी सोडावी लागली, तेव्हा ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी निधी जमवला. २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली. त्यात किपलिंग यांचे दहा पौंड होते. पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचे नाही, हा नियम लिहिणाऱ्या लेखकाला, भिंतींनी कोंडलेल्या बागेत निःशस्त्र जमावावर गोळ्या चालवणारा अधिकारी मदतीस पात्र वाटला. सिवनीच्या जंगलातील बंदूकवाल्या गोऱ्यांना कोणता कायदा लागू होता, हे त्यांनी कधीच लिहिले नव्हते.

त्यांच्या ग्रंथांवर वर्षानुवर्षे गणपतीची आठवण देणारे कमळधारी हत्तीचे मुख आणि स्वस्तिक छापले जाई. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी स्वस्तिक काढून टाकायला लावले, हत्ती राहू दिला. १८ जानेवारी १९३६ रोजी, लग्नाच्या ४४ व्या वाढदिवशी, लंडनमध्ये किपलिंग यांचे निधन झाले. रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबेमधील कवींच्या कोपऱ्यात ठेवण्यात आली. तीन अपत्यांपैकी मागे उरली ती एकटी एल्सी. तिलाही मूल नव्हते, आणि १९७६ मध्ये तिच्याबरोबर हा वंश संपला. केंब्रिजजवळच्या विम्पोल हॉलमधील तिच्या ग्रंथसंग्रहात २०१० मध्ये ‘द जंगल बुक’ची पहिल्या आवृत्तीची एक प्रत मिळाली. हे पुस्तक जोसेफिनसाठी तिच्या वडिलांनी लिहिले आहे, अशी १८९४ च्या मे महिन्यातील नोंद त्यावर किपलिंग यांच्या हस्ताक्षरात आहे.